बोल आधी, बटण नंतर

पखवाजाचे बोल ज्याला तोंडपाठ आहेत आणि ड्रम मशीनला ज्याने कधी हात लावलेला नाही, त्याला डोळ्यांसमोर ठेवून मी हे पुस्तक लिहायला घेतलं. मशीन डोळे मिटूनही चालवता येतं, पण ठेका तोंडाने म्हणता येत नाही, असा दुसरा वाचक लिहिता लिहिता भेटत गेला. आता पुस्तक दोघांचं झालं आहे. हे दोघेही आमच्या केदारखेड्यात राहतात. कधी कधी तर एकाच घरात राहतात. आजोबा संध्याकाळी भजनी मंडळात पखवाजाला कणीक लावत बसलेले असतात आणि नातू ओसरीवर मोबाईलमध्ये बीट बनवत असतो. दोघं एकच काम करत आहेत, हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

केदारखेडा हे भोकरदन तालुक्यातलं, पूर्णेच्या काठचं गाव. राजूरचा गणपती इथून जवळ. तिथे अंगारकीला लोटणाऱ्या गर्दीत टाळ-मृदंगही ऐकू येतो आणि गाडीवर बांधलेले मोठाले स्पीकरही. आमचा कान या दोन्हींवर वाढला. मी स्वतः पखवाज शिकलो तो हरिनाम सप्ताहात, मोठ्या माणसांच्या मांडीला मांडी लावून. ऑक्टोपॅड पुढे आला, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात पोट भरायला. ड्रम मशीन त्याच्याही नंतर. तिन्ही वाद्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली आणि ती सांगण्यासाठीच हा खटाटोप आहे. ठेका तोंडात तयार होतो. जो ठेका तोंडाने स्वच्छ म्हणता येत नाही, तो मशीनमध्ये कितीही वेळा दुरुस्त केला तरी बसत नाही. आणि ज्याला बोल येतात, त्याला मशीनची निम्मी विद्या आधीच आलेली असते. फक्त बटणांची नावं माहीत नसतात.

हे नुसतं बोलून पटणार नाही, म्हणून इथेच एक ठेका उलगडून दाखवतो. आमच्याकडे सर्रास वाजणारा भजनी ठेका असा म्हणतात:

धिं ऽ ता धिं ऽ धिं ता ऽ । तिं ऽ ता तिं ऽ तिं ता ऽ

गावागणिक यात थोडा फरक पडतो, पण सांगाडा हाच. मात्रा आठ. प्रत्येक मात्रेचे दोन भाग केले की बोल आणि मधल्या रिकाम्या जागा मिळून बरोबर सोळा घरं होतात. ड्रम मशीनच्या समोरच्या पट्टीवर बटणंही सोळाच असतात. आता एकेक अक्षर एकेका बटणावर ठेवा. धिं म्हणजे डग्गा आणि तबला दोन्ही मिळून. ता आणि तिं नुसत्या तबल्याचे. तबल्याचे ठोके आले पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, सातव्या घरात, आणि पुढच्या अर्ध्यात नवव्या, अकराव्या, बाराव्या, चौदाव्या, पंधराव्या घरात. एकूण दहा. डग्गा मात्र फक्त पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या घरात. दुसऱ्या अर्ध्यात डग्ग्याचं नाव नाही, कारण तिथे खाली, म्हणजे तालाची रिकामी बाजू, आहे. झाला भजनी ठेका मशीनमध्ये भरून. याला तबल्याची सात-आठ वर्षं लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात. सात-आठ वर्षं लागतात ती तो ठेका जिवंत करायला, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्याच कामाचा आहे.

डग्ग्याच्या त्या तीन घरांपाशी जरा थांबा. एक, चार, सहा. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत तीन घरं, चौथ्यापासून सहाव्यापर्यंत दोन, सहाव्यापासून अर्ध्या आवर्तनाच्या शेवटापर्यंत पुन्हा तीन. तीन-दोन-तीन अशी त्याची चाल आहे. आता आमची पोरं इंटरनेटवरून जे तयार लूप उतरवून घेतात, त्यातले कितीतरी क्युबा आणि पोर्तो रिकोकडच्या नाचाच्या संगीतातून आलेले असतात. त्यांची चाल तीन-तीन-दोन, म्हणजे एक, चार, सात. पहिले दोन ठोके तंतोतंत आपले वाटतात, म्हणून पोरगा तो लूप अभंगाखाली बिनधास्त टाकतो. मग मंडळातला एखादा म्हातारा टाळकरी अस्वस्थ होतो, टाळ खाली ठेवतो, आणि पोराला कळत नाही की चुकलं काय. चुकतं ते सहावं घर. जिथे धिं यायला हवा तिथे काहीच नाही, आणि एक घर उशिरा, आमचा हलका ता पडतो त्या जागी, कुणीतरी दणका दिलाय. गाणाऱ्याचा श्वास सहाव्या घराच्या धिंवर टेकलेला असतो; तो आधारच काढून घेतला जातो. हे मला कित्येक वर्षं नुसतं खटकत होतं. बोल कागदावर मांडून घरं मोजली, त्या दिवशी उलगडलं.

यंत्राचा इतिहास मी पुस्तकात थोडक्यात दिला आहे, पण त्यातल्या काही गोष्टी इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५९ साली अमेरिकेत वुर्लिट्झर कंपनीने ‘साइडमॅन’ नावाचं यंत्र आणलं. आतमध्ये मोटरवर एक भुजा गोल फिरायची आणि चकतीवरच्या विजेच्या टोकांना स्पर्श करत जायची; स्पर्श झाला की ठोका. लय वाढवायची तर फिरण्याचा वेग वाढवायचा. मला हे वाचून फार आनंद झाला, कारण आपण आवर्तन म्हणतो ते याहून वेगळं काय आहे? फिरून फिरून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येणारा काटा. पुढे चौकोनी बटणांची सरळ पट्टी आली आणि पोरांच्या मनात ठेका डावीकडून उजवीकडे पळणारी रांग होऊन बसला. सोळावं घर संपलं की पहिलं येतं, म्हणजे ती रांग मुळात वर्तुळच आहे, हे मला शिकायला येणाऱ्या मुलांना कागद गुंडाळून दाखवावं लागतं.

जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांनी एस टोन या कंपनीतून १९६७ साली ‘ऱ्हिदम एस एफआर-१’ काढलं. त्यात सोळा ठेके आधीच भरलेले होते, आपला ठेका घालायची सोय नव्हती. पण चार बटणं अशी होती की चालू ठेक्यातला एकेक आवाज बंद करता यायचा. म्हणजे वाजवणाऱ्याला या यंत्राने मोकळीक दिली ती गाळण्याची. मी हे मुद्दाम लिहितो, कारण आजही शिकाऊ मुलगा ठेका सुधारायला बसला की आधी काहीतरी घालतो. गाळायचं त्याला सुचत नाही. १९७२ साली काकेहाशींनी रोलँड कंपनी काढली. त्यांच्या १९७८च्या सीआर-७८मध्ये आपण रचलेले चार ठेके साठवता येऊ लागले. १९८० साल मोठं. त्या वर्षी रॉजर लिन यांचं एलएम-१ आलं, त्यात खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज होते आणि किंमत सुमारे ५,००० डॉलर. त्याच वर्षी रोलँडचं टीआर-८०८ आलं, सुमारे १,२०० डॉलरचं. त्यातले आवाज कुठून मुद्रित केलेले नव्हते. विजेच्या मंडलाला झटका देऊन ते घुमू द्यायचं, अशी त्याची रीत. १९८३पर्यंत अशी सुमारे १२,००० यंत्रं बनली आणि मग उत्पादन बंद झालं. त्याची खालची किक लांबवली की हूऽऽ करून घुमत राहते. आज आमच्याकडच्या प्रत्येक वरातीत छातीत बसणारा आवाज तिचाच किंवा तिच्या नातवंडांचा आहे. ती आपल्या माणसांना इतकी का भावली, याबद्दल माझं एक मत आहे. ती घुमते डग्ग्यासारखी. विलायती ड्रमची किक धप्पकन वाजून गप्प होते. ही गप्प होत नाही.

आणि मग मुंबई. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ साली टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही तीन रोलँड यंत्रं एकत्र जोडून दहा रागांची एक तबकडी केली. नावातच ‘डिस्को बीट’ असा शब्द होता. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१०मध्ये नेदरलँड्समधल्या एका छोट्या कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा जगभरच्या लोकांनी कान टवकारले, कारण शिकागोत १९८७च्या सुमारास जो यंत्रसंगीताचा प्रकार नवा म्हणून गाजला, त्याच्याशी जुळणारं काम मुंबईत पाच वर्षं आधी होऊन गेलं होतं. चरणजित सिंग २०१५ साली गेले. त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण ऐकताना प्रत्येक वेळी एक गोष्ट बोचते. भैरव, मेघ, ललित असे राग यंत्रात शिरले, खाली मात्र सगळीकडे तोच सरळ चार ठोक्यांचा डिस्को. राग आत गेला, ताल उंबऱ्यावरच राहिला. चाळीस वर्षं उलटून गेली आणि तो ताल अजून पुरता आत आलेला नाही. रियाझाची तालमाला आली, ती बंगळूरच्या राडेल कंपनीची, आणि गाणाऱ्यांची मोठी सोय झाली. भारतातल्या गिऱ्हाइकांसाठी खास बनवलेले कीबोर्ड आले, त्यात केरवा, दादरा तयार मिळतात. पण तयार मिळणं वेगळं आणि आपल्या गावचा ठेका आपण रचून, घासून, आपल्या गाणाऱ्याच्या गळ्याला बसवणं वेगळं. हे दुसरं काम आता आमच्यासारख्यांनी करायचं आहे. त्याला मोठा स्टुडिओ लागत नाही. फ्रूटीलूप्स या नावाने १९९७ साली आलेलं आणि आता एफएल स्टुडिओ म्हणून पोरापोरांच्या तोंडी असलेलं सॉफ्टवेअर मुळात अशीच सोळा घरांची पट्टी होतं. हायड्रोजन नावाचं ड्रम मशीन तर संगणकावर फुकट चालतं. पुस्तकातला एकही धडा असा नाही जो या दोहोंपैकी एकावर करता येणार नाही.

रूपकाचा धडा कसा लिहिला गेला ते सांगतो. आमचा एक विद्यार्थी, बारावीतला पोरगा, मशीनवर रूपक भरत होता. रूपकाच्या मात्रा सात, म्हणजे घरं चौदा. शेवटची दोन घरं बंद करून पॅटर्नची लांबी चौदावर आणायची, हे त्याला नीट जमलं होतं. ठेका लावला आणि भजनी मंडळातले आमचे जुने पखवाजी बुवा भिंतीला टेकून ऐकत बसले. दोन आवर्तनं झाली. बुवांनी हात वर केला.

“थांब रं बाबा. हे पहिल्याच घरात कोण आदळायलंय?”

“बुवा, सम हाय ना तिथं. समेवर किक टाकली.”

“सम हाय, पण ती खाली हाय. रूपकाची सम रिकामी असती. म्हण बरं तोंडानं.”

पोराने म्हटलं: ती ती ना, धी ना, धी ना. म्हणता म्हणता त्याचं त्यालाच ऐकू आलं. ती-ती-ना मध्ये डग्गा कुठेच नाही. डग्गा पहिल्यांदा येतो तो चौथ्या मात्रेवर, म्हणजे सातव्या घरात. त्याने पहिल्या घरातली किक काढली आणि ठेका हवेत उचलल्यासारखा झाला. सगळी परदेशी यंत्रं, त्यांच्यासोबत येणारी सगळी पुस्तकं आणि व्हिडिओ हे गृहीत धरून चालतात की पहिल्या घरात सगळ्यात जड ठोका असणारच. आपल्याकडे एक अख्खा ताल याच्या उलट चालतो, आणि आमच्या पोराला ते बुवांनी ओसरीवर बसून शिकवलं. बुवांना मशीनमधलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी फक्त बोल म्हणायला लावले.

आता दुरुस्तीचं काम. पुस्तकातली पाच प्रकरणं यालाच दिली आहेत, कारण ठेका भरणं हे माती कालवणं झालं. घडा पुढे चाकावर होतो. सगळ्यात आधी जोर. मशीनमध्ये प्रत्येक ठोक्याचा जोर १ ते १२७ अशा आकड्यात असतो. नवा ठेका भरला की सगळे ठोके एकाच जोराचे पडतात आणि ऐकणाऱ्याचं डोकं दहा मिनिटांत उठतं. (जुन्या ८०८वर तर ठोक्याठोक्याला वेगळा जोर देता येत नव्हता, सगळ्या आवाजांना मिळून एकच ‘अ‍ॅक्सेंट’. तरी लोकांनी त्यावर जीव ओतला, ही त्या लोकांची कमाल.) भजनी ठेक्यात मी पहिल्या धिंला ११० ठेवतो, चौथ्या घरातल्या धिंला ८५, सहाव्याला पुन्हा १००च्या आसपास. ता ६० ते ७०. हे आकडे पाठ करू नका. ठेका तोंडाने म्हणा, कुठल्या अक्षरावर तुमचा आवाज आपोआप चढतो ते बघा आणि तेवढाच आकडा वाढवा. तोंड खोटं बोलत नाही.

मग झोल. इंग्रजीत त्याला स्विंग म्हणतात, मशीनवर तेच लिहिलेलं असतं, आणि ही सोय यंत्रात आणण्याचं श्रेय रॉजर लिन यांना जातं. त्याचं काम इतकंच की सम संख्येची घरं, दुसरं, चौथं, सहावं, आठवं अशी, थोडी उशिरा वाजतात. ५० टक्के म्हणजे अगदी सरळ. ६० टक्के केलं आणि लय ९० असली, तर ही घरं साधारण ३३ मिलिसेकंद मागे सरकतात. हा उशीर केवढा? आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एवढ्या वेळात तो अकरा-साडेअकरा मीटर पुढे जातो. देवळाच्या सभामंडपात पखवाजापासून शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत धरा. तो शेवटचा टाळकरी ठोका जेवढा उशिरा ऐकतो, तेवढाच हा झोल. आता भजनी ठेक्याकडे परत या. सम संख्येच्या घरांत तिथे काय आहे? चार आणि सहामध्ये धिं. बारा आणि चौदामध्ये तिं. ता सगळे विषम घरांत, तीन, सात, अकरा, पंधरा. म्हणजे झोल वाढवला की धिं-तिं तेवढे मागे रेलतात आणि ता जागच्या जागी खिळलेले राहतात. एक बटण फिरवलं आणि ठेका बैलगाडीच्या चाकासारखा डुलायला लागला. मला हे पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी घरातल्यांना उठवून ऐकवलं होतं. ५४ ते ५८ टक्क्यांत आमचं भजन छान बसतं. त्यापुढे गेलात तर लावणीचा भास होऊ लागतो, आणि लावणीला ते हवंच असतं.

एक फसगत नेहमी होते, ती आत्ताच सांगून ठेवतो. मशीनवरची लय म्हणजे बीपीएम मोजते चार-चार घरांचा एक ठोका. आपल्या ठेक्यात दोन घरांची एक मात्रा. म्हणून मशीनवर ८० दिसतंय तेव्हा मात्रा मिनिटाला १६० पडत असतात. गाणाऱ्याने “ऐंशीच्या लयीत घ्या” म्हटलं आणि तुम्ही ८० लावलं, तर तो बिचारा पळत सुटेल. आधी विचारा, ऐंशी मात्रा की ऐंशी ठोके.

आवाजांचं प्रकरण लांबलं आहे, त्याची माफी मागत नाही. परदेशी मशीनमधला ‘तबला’ नावाचा आवाज हा कुणीतरी एकदा मारलेला एक ठोका असतो, तो हजार वेळा तस्साच वाजतो. डग्ग्यावर मनगट दाबून जो घिस्सा काढतात, तो एका आवाजात मावत नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की आपल्या गावच्या वादकाच्या हाताचे आवाज स्वतः मुद्रित करा. उघडा घे, दाबलेला घे, बंद क, ना, तिं, एवढे पाच, प्रत्येकी तीन-तीन वेळा. पखवाज असेल तर डाव्या तोंडाला ताजी कणीक लावून, दार-खिडक्या बंद करून, पंखा बंद करून. मोबाईलवरही चालतं. मुद्रण झालं की प्रत्येक आवाजाच्या सुरुवातीची शांतता कापायला विसरू नका; ती वीस मिलिसेकंद जरी राहिली तरी तुमचा सगळा ठेका कायमचा उशिरा धावेल आणि तुम्ही दोष झोलाला द्याल. हलगी आणि संबळ यांच्यासाठी वेगळे धडे आहेत. हलगीवर दोन्ही हातांच्या काड्या वेगळं बोलतात, एकीला दुसरीचा आवाज दिला की हलगी मेलीच.

सप्ताहातल्या जागराच्या एका रात्री घडलेली गोष्ट मी मुलांना दरवर्षी सांगतो. त्या वर्षी मी ठेक्याला ऑक्टोपॅड आणि मशीन घेऊन बसलो होतो. चार दिवस खपून गजराचा ठेका बांधला होता. मशीनची लय आपसूक चढत नाही, म्हणून आवर्तनांची साखळी लावून प्रत्येक आवर्तनाला लय एकाने वाढेल अशी व्यवस्था केली होती. सत्तरपासून एकशेदहापर्यंत चाळीस आवर्तनं, साधारण पावणेदोन मिनिटांत गजर टिपेला. ऐन रंगात वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली असतील. मशीन पुन्हा लागलं तेव्हा माझा ठेका त्यात नव्हता. संध्याकाळी शेवटच्या दुरुस्त्या केल्यावर साठवायचं बटण दाबायचं राहिलं होतं. पण अंधारात गजर थांबला नव्हता. बुवांनी पखवाज ओढून घेतला होता आणि माझ्या मशीनने जिथे सोडलं तिथून उचलून तीच लय ते चढवत नेत होते, माझ्याहून चांगली, कारण गाणाऱ्याचा दम पाहून ते मध्ये दोन आवर्तनं थांबले आणि मग पुढे गेले. माझ्या साखळीत ते थांबणं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी ठेका पुन्हा भरायला बसलो तेव्हा मला एकही घर आठवेना. डोळे मिटून बोल म्हणायला लागलो आणि सगळी घरं एकामागून एक परत आली. त्या वेळी मी बुवांचं थांबणंही त्यात घातलं, लय न वाढणारी दोन आवर्तनं. तो ठेका पुस्तकाच्या शेवटी जसाच्या तसा दिला आहे.

एक बोच मनात आहे, ती न लिहिता पुढे गेलो तर ही प्रस्तावना अपुरी राहील. १९८३ साली मिडी आलं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलायची समान भाषा मिळाली. १९८५ साली रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड आला. त्याला स्वतःचा आवाजही नव्हता, तो फक्त दुसऱ्या यंत्रांना ठोका कळवायचा. पुढच्या एसपीडी मालिकेत आवाज आतच आले आणि आठ पॅडच्या त्या फळीने ऑर्केस्ट्रातली तीन-चार माणसं कमी केली. ढोलकीवाला, कोंगोवाला, वरून खुळखुळे वाजवणारा. मी त्या फळीवर घर चालवलं आहे, त्यामुळे कुणाच्या ताटातलं आपल्या ताटात आलं हे मला माहीत आहे. डीजे आला तेव्हा ऑक्टोपॅडवाल्यांचंही तेच झालं. यावर यंत्रांना शिव्या घालणं हा उपाय मला पटत नाही, आणि काही होत नाही म्हणून हात झटकणंही पटत नाही. मी एवढं करतो की ज्याच्या हाताचा आवाज मुद्रित केला, त्याला त्याचे पैसे देतो आणि ठेक्याला त्याचं नाव देतो. माझ्या मशीनमध्ये ठेक्यांना आकडे नाहीत, माणसांची नावं आहेत. मुलांनाही मी हीच सवय लावतो. ज्याच्याकडून बोल घेतले त्याचं नाव पॅटर्नला द्यायचं, मग तो ठेका जालन्याच्या बाजारात वाजो की पुण्याच्या स्टुडिओत.

पुस्तक कसं वापरायचं, तर क्रमाने. पहिल्या तीन धड्यांना मशीन लागत नाही. एक चौकटीची वही, एक पेन्सिल आणि शेजारी एखादा जाणता. सोळा चौकटी आखा, ठेका म्हणवून घ्या, अक्षरं चौकटींत बसवा, रिकाम्या चौकटी रिकाम्याच सोडा. मशीन असलेल्यांना हे धडे टाळायचा मोह होईल, टाळू नका. चौथ्या धड्यापासून मशीन. पखवाज येणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, तिथे नवीन फक्त शब्द आहेत, आणि ते सगळे मी पहिल्यांदा येतील तिथेच समजावून दिले आहेत.

ज्यांनी बोल दिले, आवाज दिले, चुका दाखवल्या, त्यांची नावं त्यांच्या त्यांच्या ठेक्यापाशी छापली आहेत. मराठवाड्यातल्या कुणाही पखवाज शिकणाऱ्यासारखा मी शंकरबापू आपेगावकरांचं वादन ऐकत वाढलो. बोल तोंडाने किती स्वच्छ असावा लागतो हे त्यांच्या हातामुळे कळलं. आणि आमचे बुवा. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे पुस्तकाची कच्ची प्रत घेऊन गेलो होतो. चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी प्रत नातवाकडे दिली. नातवाने भजनी ठेक्याचं पान काढलं, मशीन लावलं आणि मोठ्याने बोल म्हणत एकेक बटण दाबत गेला. बुवा मांडीवर ताल धरून ऐकत होते. लाल दिवा पहिल्या घरावरून निघाला, तिसऱ्यावर, चौथ्यावर आला. सहाव्या घरापाशी पोराचं बोट जरा रेंगाळलं. बुवांनी त्याच्याकडे न बघताच म्हटलं, “धिं.” आणि त्याने बटण दाबलं.

केदारखेडा
कार्तिकी एकादशी